वेचणीच्या काट्यावर दिसणारं घरकाम

प्रश्न: मी राळेगाव तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थशास्त्राच्या तासाला मारिया मीस हे नाव ऐकलं. ‘स्त्रीवादी राजकीय अर्थशास्त्र’वाले लोक नेमका कशाचा अभ्यास करतात? आणि खेड्यातल्या मुलीला त्यात काही करिअर आहे का?

उत्तर:

तुला ‘तू’ म्हणते, कारण माझ्या वर्गात बसणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवते. माझी पीएच.डी. कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर आहे, आणि तो विषय मला मीसबाईंच्या एका पुस्तकानं दिला. म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते, नोकरीचं नंतर.

मारिया मीस १९३१ साली जर्मनीच्या आयफेल भागातल्या खेड्यात जन्मल्या. शेतकऱ्याचं घर, बारा भावंडं. आधी शाळेत शिकवलं. १९६३ मध्ये जर्मन शिकवायला पुण्याला आल्या आणि पाच वर्षं राहिल्या. तिथं त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलगे जर्मन शिकायचे ते पुढं जर्मनीला जायचं म्हणून. मुलींपैकी बऱ्याच जणी यायच्या त्या लग्न तेवढंच पुढं जाईल म्हणून. समोर बसलेल्या मुलीला ‘तू इथं का आलीस?’ असं विचारणं, हीच मला त्यांच्या सगळ्या कामाची सुरुवात वाटते. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणींना हा प्रश्न एकदा विचारून बघ.

परत गेल्यावर त्यांनी कोलोनला भारतीय स्त्रियांवर पीएच.डी. केली आणि तिथंच समाजशास्त्र शिकवू लागल्या. १९७६ मध्ये नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायांसाठी त्या शहरात निवारा उभा राहावा म्हणून विद्यार्थिनींना घेऊन झटल्या. त्याच वर्षी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याच्या भूमिहीनांच्या चळवळीवर त्यांचा लेख आला. म्हणजे महाराष्ट्र त्यांनी पुण्यापुरता पाहिलेला नव्हता. १९७९ मध्ये नेदरलँड्समध्ये हेगच्या सामाजिक अभ्यास संस्थेत ‘स्त्रिया आणि विकास’ हा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. मे २०२३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्या गेल्या.

मला ज्या पुस्तकानं हलवलं ते १९८२ चं, ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’. नरसापूर आंध्रात, पश्चिम गोदावरी जिल्ह्यात. तिथल्या हजारो बाया घरी बसून क्रोशाची लेस विणत. व्यापारी दलालामार्फत सूत देई, विणलेला माल उचलून नेई, आणि तो माल परदेशात जाई. बाया दिवसाचे सहा-आठ तास विणत, वर स्वयंपाकपाणी सगळं करत. आणि विचारलं तर व्यापारी काय सांगत? या घरच्या बाया आहेत, फावल्या वेळात विणतात. त्या मजूर नाहीत असं एकदा ठरलं की मजुरीचा प्रश्नच मिटतो. मीसबाईंनी याला जो शब्द दिला त्याला मराठीत ‘गृहिणीकरण’ म्हणतात. बाई गृहिणी असते म्हणून तिचं काम स्वस्त, एवढं साधं ते नाही. काम स्वस्त मिळावं म्हणून तिला गृहिणी ठरवलं जातं, हा त्यांचा मुद्दा आहे. यातली आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. विणणाऱ्या बऱ्याच बाया कापू जातीच्या होत्या, घराबाहेर न पडण्यात त्यांची प्रतिष्ठा होती. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या दलित बाया त्यांच्यापेक्षा जास्त कमवत. तरी विणणारी स्वतःला वरची समजे.

हे वाचलं तेव्हा मी एम.ए. करत होते आणि सुटीत आईबरोबर वेचणीला जात होते. पुस्तक मिटलं आणि मला आमच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, वजनकाटा आठवला.

वेचणी तुला सांगायला नको. सीतादही, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताची पूजा, झाली की बाया ओटी बांधून वावरात उतरतात, संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगतात, गाठोडं अडकवतात, किलोवर पैसे. सगळे म्हणतात, यात अन्याय कुठं आहे? जेवढं वेचाल तेवढं घ्या. मी तीन हंगाम एक वही ठेवली. एका बाजूला रोजचे किलो. दुसऱ्या बाजूला ती बाई उठली किती वाजता, पाणी किती खेपा, गोठा कुणी झाडला, भाकरी कुणी थापल्या, वावरात किती वाजता पोचली, अंगावरचं लेकरू होतं का. माझी आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “हे काहून लिवतं वं? याले काय काम म्हणते का?”

एक बाई होती, नाव नाही सांगत. तिचं गाठोडं रोज बाकीच्यांपेक्षा दहा-बारा किलो कमी भरायचं. मालक म्हणायचा, बाकीच्या बायाही म्हणायच्या, तिचा हातच हळू आहे. तीही तेच म्हणायची. घरी सासू नाही, नवरा पहाटेच ट्रॅक्टरवर जातो, लेकरू दीड वर्षाचं. सगळं आवरून ती साडेदहाला वावरात यायची, बाकीच्या आठलाच आलेल्या असायच्या. दिवाळीनंतर तिची बहीण आठ दिवस राहायला आली. तिनं चूल आणि लेकरू सांभाळलं. त्या आठ दिवसांत या बाईचं गाठोडं सगळ्यांच्या बरोबरीनं भरलं, दोन दिवस तर सगळ्यांत जड. बहीण गेली आणि काटा पुन्हा खाली आला. माझ्या वहीत ती आठ पानं आहेत. हात हळू नव्हता. घरच्या कामाचे अडीच तास रोज संध्याकाळी तिच्या मजुरीतून कापले जात होते, आणि काट्याला ते दिसत नव्हते.

राजकीय अर्थशास्त्र म्हणजे हेच बघणं. कोण किती राबतं, त्यातलं काय मोजलं जातं, न मोजलेल्याचा फायदा कुणाच्या गाठीला जातो. ‘स्त्रीवादी’ हा शब्द लागतो तेव्हा हिशेब चुलीपासून सुरू होतो. उद्या तो मालक पुन्हा वेचणीला माणसं बोलावू शकतो, कारण रात्री कुणीतरी भाकरी थापल्या, कपडे धुतले, तापलेलं लेकरू कुशीत घेतलं. त्या कामाचा एक रुपयाही त्याच्या कापसाच्या खर्चात धरलेला नाही. मीसबाईंनी १९८६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात हाच धागा जगभर नेला: बायांचे श्रम, वसाहती आणि निसर्ग, तिन्ही फुकट समजून भांडवल वाढत गेलं.

सरकारी कागदावर हे कसं उतरतं तेही बघ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रोजगार पाहणीत प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम, आणि शिवाय घरासाठी सरपण, भाजी, चारा आणणं, शिवणटिपण वगैरे. दोन्ही कोड श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येणारी बाई हिशेबात काहीच करत नसते. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानं निदान तास तरी मोजले: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया तेव्हा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष ते करत होते ते ९७ मिनिटं.

मीसबाईंचं सगळंच मला पटतं असं नाही. उत्तरायुष्यात त्यांनी बाजार सोडून स्वतःच्या गरजेपुरतं पिकवण्याकडे वळा असं सांगितलं. कोरडवाहू तीन एकरांत दवाखान्याचा खर्च निघत नाही अशा आमच्या बायांना हे मी कुठल्या तोंडानं सांगू? नरसापुरात त्यांना जात स्वच्छ दिसली होती, जगाचा सिद्धान्त मांडताना ती पातळ झाली असंही मला वाटतं. आणि जमीन कुणाच्या नावावर, हा प्रश्न तर त्यांच्यापेक्षा अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी जास्त नीट धरला, १९९४ च्या ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’मध्ये. त्याच वर्षी महाराष्ट्रानं कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. देशात तो २००५ मध्ये आला.

तुझ्या तालुक्यात रावेरी आहे. सीतेचं देऊळ पाहिलं असशील. टाकलेल्या, बाळंत झालेल्या सीतेनं पसाभर गहू मागितला, गावानं दिला नाही, म्हणून इथं गहू पिकणार नाही असा तिनं शाप दिला, ही कथा तू आजीकडून ऐकलीच असेल. त्या देवळाचा जीर्णोद्धार शरद जोशींनी मनावर घेतला. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरवलं आणि पुढं घरच्या लक्ष्मीच्या नावानं जमीन करून द्या अशी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेच जोशी. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर सातबाऱ्यावर नाव चढावं म्हणून दीर-सासऱ्याच्या मागं फिरणाऱ्या बाया आपल्या जिल्ह्यात किती आहेत, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्याशी बोलायला बसलीस की ती कथा तुला वेगळी ऐकू येईल.

आता करिअर. खरं सांगायचं तर रस्ता लांब आहे. अर्थशास्त्रात एम.ए. कर, नेट आणि सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा दोन्ही दे. नेट स्त्री-अध्ययन विषयातही देता येते. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि घरच्यांना समजावायला त्या आकड्याचा फार उपयोग होतो. जवळ वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात स्त्री-अध्ययनाचा विभाग आहे. पुण्याच्या विद्यापीठात स्त्री-अध्ययनाचं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले केंद्र आहे. मुंबईच्या एस.एन.डी.टी.मध्ये १९७४ पासून स्त्री-अध्ययनाचं संशोधन केंद्र चालू आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं आवार तर ग्रामीण विकासासाठीच आहे. महिला किसान अधिकार मंचासारख्या, विदर्भातल्या एकल बायांबरोबर काम करणाऱ्या मंचांनाही नीट पाहणी करणारी माणसं लागतात. मला वाटतं तुझ्यासारखीला तिथं दोन वर्षं काढणं एम.ए.इतकंच मोलाचं ठरेल.

अडचणीही सांगते. माझा विषय मांडला तेव्हा समितीतले एक सर म्हणाले, हे अर्थशास्त्र नाही, समाजशास्त्र आहे, तिकडे जा. मी वही उघडून किलो दाखवले, आकडे म्हटल्यावर ते ऐकून घ्यायला तयार झाले. पीएच.डी.नंतर मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तासाचे पैसे, उन्हाळ्यात काही नाही, पेपर तपासणं आणि मुलींना घरी बसून शिकवणं कशातच धरलेलं नाही. वेचणीचाच हिशेब तो, फक्त किलोऐवजी तास. नियमित जागा मिळाली तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. लग्नाची घाई करणाऱ्या घरात ही नऊ वर्षं कशी काढायची, याचा विचार तू आत्तापासून कर, आणि आईला त्या विचारात घे.

सुरुवात करायला एम.ए.ची वाट बघू नकोस. यंदाच्या वेचणीत एक वही ठेव, दोन बाजूंची. चार-पाच बायाच घे, पण रोज लिही, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखव. माझ्या चुका त्यांनीच दुरुस्त केल्या. पाण्याच्या खेपा मी नेहमी कमी धरायचे. घरचा सातबाराही काढून बघ, आईचं नाव त्यावर आहे का. हंगाम संपला की काय निघालं ते मला इथंच लिहून कळव.