१९३० च्या सोलापूरसारखा मार्शल लॉ आज राष्ट्रपती लावू शकतात का?

तुम्ही विचारलंय की १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ होता, तसं काही आज राष्ट्रपतींनी एखाद्या शहरावर किंवा राज्यावर लादलं तर त्यांना अडवणार कोण? मी सोलापुरातच वकिली करतो. त्याच प्रकरणात फाशी गेलेल्या चौघांच्या, चार हुतात्मा पुतळ्यावरून रोजचं जाणं-येणं असल्यामुळे या प्रश्नावर बोलायला मला निमित्त लागत नाही.

आमचे पणजोबा गिरणीत होते. गांधी टोपी दिसली की सोल्जर ती काढून घेत, म्हणून त्यांनी आपली टोपी ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली होती. मार्शल लॉची आमच्या घरात उरलेली आठवण एवढीच. १२ मेपासून दीड महिन्याहून जास्त काळ शहर लष्कराच्या ताब्यात होतं. व्हाइसरॉयनं वटहुकूम काढला आणि झालं. कुठल्या सभागृहाची मंजुरी नाही, मुदतही सरकारच्याच मर्जीवर.

आजच्या घटनेत अनुच्छेद ३४ मध्ये लष्करी कायद्याचा, म्हणजे मार्शल लॉचा, उल्लेख आहे, पण तो कुणी आणि कसा लावायचा हे तिथे नाही. अशा काळात अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांना संसद नंतर कायदा करून संरक्षण देऊ शकते, एवढंच त्यात आहे. राष्ट्रपतींच्या हातात जे आहे ते अनुच्छेद ३५२ (राष्ट्रीय आणीबाणी), ३५६ (राज्यातली राष्ट्रपती राजवट) आणि ३६०. यातलं ३६०, म्हणजे आर्थिक आणीबाणी, आजवर कधीच वापरलेलं नाही, तेव्हा ते सोडून देऊ. आणि ‘राष्ट्रपतींच्या हातात’ म्हटलं तरी सही त्यांची असते, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली तेव्हा तेवढंही झालं नव्हतं. फक्रुद्दीन अली अहमदांनी पंतप्रधानांच्या शिफारशीवर सही केली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती वाचताना त्या रात्रीची एकेक पळवाट कशी बुजवलीय ते दिसतं. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण गेलं, त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. महिन्याभरात दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत हवं, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर चौदा दिवसांत खास बैठक घ्यावीच लागते, आणि तिथे साध्या बहुमतानं आणीबाणी उठवता येते. अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आता स्थगित होत नाहीत. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी प्रत्यक्षीकरणाचं, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात जाण्याचं, दार लावून घेतलं होतं, त्याला हे उत्तर. एकट्या न्या. खन्नांनी तेव्हा विरोधी मत लिहिलं होतं.

तुमच्या ‘एखाद्या शहरावर’ या शब्दांबद्दल सांगायचं तर, ४२ व्या दुरुस्तीपासून ३५२ ची आणीबाणी देशाच्या एका भागापुरती लावता येते. म्हणजे एकट्या सोलापूर जिल्ह्यापुरती आणीबाणी कागदावर शक्य आहे. पण अटी वरच्याच.

राज्यांना खरा त्रास झाला तो ३५६ चा. आपल्याकडे ही राजवट तीनदा आली: १९८०, २०१४, २०१९. इथे साधं बहुमत पुरतं आणि संसदेपुढे जायला दोन महिने मिळतात. मंजुरी एका वेळी सहा महिन्यांची, कमाल तीन वर्षं, आणि वर्षाच्या पुढे जायचं तर आणीबाणी चालू असावी लागते, शिवाय निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगानं लिहून द्यावं लागतं. बोम्मई खटल्यात, १९९४ मध्ये, नऊ न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की बहुमत आहे की नाही ते राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरतं. संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा बरखास्त करायची नाही, आणि घोषणा कोर्टात तपासता येते. २०१६ मध्ये उत्तराखंडात उच्च न्यायालयानं ती रद्दच केली, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली सभागृहात मतदान झालं आणि आधीचं सरकार परत आलं.

राष्ट्रपती नुसता शिक्काच आहेत असंही नाही. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशची आणि १९९८ मध्ये बिहारची राजवटीची शिफारस मंत्रिमंडळाकडे फेरविचाराला परत पाठवली होती. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र सही करावीच लागते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये राजवट असताना आम्ही कोर्टात नेहमीसारख्या तारखा घेत होतो. उच्च न्यायालयाचे अधिकार ३५६ खाली केंद्राला घेताच येत नाहीत. गंमत राजवट उठताना झाली. २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली, केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतल्या नियम १२ खाली, मंत्रिमंडळाची बैठक न घेता. राजवट लावताना लागणारी कुलपं उठवताना नाहीत. माझ्या मते ही उघड फट आहे, पण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आणि राष्ट्रपतींचीच एवढी धास्ती का, असं मी तुम्हाला उलट विचारीन. २०२० च्या मार्चमध्ये नवी पेठ बंद होती, यंत्रमाग थांबले होते, दुधाला बाहेर पडलं तरी काठी दिसायची. तेव्हा ३५२ ची घोषणा झालीच नव्हती. सगळं चाललं होतं ते १८९७ च्या साथरोग कायद्यावर आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर. त्यामुळे संसदेची महिन्याभरातली मंजुरी, एक दशांश सदस्यांची मागणी यातलं काहीच लागू नव्हतं. जमावबंदीचा आदेशही, पूर्वीचं कलम १४४ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३, पोलीस आयुक्तालयातून निघतो. त्याची मुदत दोन महिने, राज्य सरकारला आणखी सहा महिने वाढवता येते. पुढच्या वेळी असा आदेश निघाला की त्याच्या तळाशी तारीख आणि कारण काय लिहिलंय ते वाचा. कोर्टात आम्ही आधी तिथेच बोट ठेवतो.