किल्ला दाखवायचा तर किती दाखवावा?

प्रश्न : ग्वाल्हेरमधील आमच्या मराठी मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान होते. यंदा शहराच्या पुरातत्त्वावर चार व्याख्याने आणि त्यांना जोडून किल्ल्यावर चार फेऱ्या ठेवण्याचा विचार आहे. मागच्या वर्षी एका वाटाड्याने दोन तासांत अख्खा किल्ला दाखवला; दम लागला, पण लक्षात काही राहिले नाही, अशी बहुतेकांची तक्रार होती. सभासदांत साठीपुढचे बरेच आहेत आणि नातवंडेही बरोबर येतात. आखणी कशी करावी?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : सभासदांची तक्रार रास्त आहे. मानमंदिर राजवाडा, सास-बहू मंदिरे, तेली का मंदिर आणि उरवाई खोऱ्यातल्या जैन मूर्ती हे सगळे एका सकाळी उरकायचे ठरवले, की प्रत्येक ठिकाणी राजाचे नाव, शतक आणि एखादी दंतकथा एवढेच सांगायला सवड उरते. पहिल्या फेरीसाठी मी दोनच ठिकाणे सुचवीन : पायथ्याचा गुजरी महाल, ज्यात आता संग्रहालय आहे, आणि तिथून वर जाणाऱ्या वाटेवरचे, खडकातच कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर. ही पूर्वेकडची वाट पायीच चढावी लागते; परंतु मंदिर गणेश दरवाजा ओलांडल्यावर, लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे लागत असल्यामुळे ज्येष्ठांना हत्ती पोळ या सर्वांत वरच्या दरवाजापर्यंतचा पूर्ण चढ चढावा लागणार नाही. मानमंदिर पुढच्या वेळी उरवाईच्या बाजूने गाडीने जाऊन पाहता येईल.

व्याख्यान फेरीच्या आठवडाभर आधी व्हावे आणि त्याचा विषय ‘ग्वाल्हेरचा इतिहास’ असा ऐसपैस नसावा. चतुर्भुज मंदिरातला एक शिलालेख तासाभराला पुरून उरेल. तो विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा, प्रतिहार वंशातला राजा भोज याच्या काळातला आहे, आणि हे मंदिर बांधणारा अल्ल हा किल्ल्याचा रक्षक होता. लेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप आहे : २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. देवाला ५० माळा पुरवण्याची तरतूद आहे, आणि दिव्यांसाठी तेल देण्याचे तेल्यांच्या प्रमुखांनी पत्करले आहे. राजांच्या वंशावळींपेक्षा ही देणगीची यादी मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यातून साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या ग्वाल्हेरातले माळी आणि तेली समोर उभे राहतात.

या लेखातले २७० आणि ५० हे आकडे दशमान पद्धतीने लिहिलेले असून त्यांतले शून्य लहानशा वर्तुळाने दाखवले आहे. वाटाडे त्याला ‘जगातले पहिले शून्य’ म्हणतात. तेवढे आपल्या वक्त्यांनी म्हणू नये. कंबोडियातल्या इ.स. ६८३ च्या शिलालेखात शून्यासाठी टिंब आलेले आहे. भारतातल्या दगडावरच्या, निश्चित वर्ष सांगणाऱ्या अगदी जुन्या शून्यांपैकी हे एक आहे, आणि ही गोष्ट पुरेशी मोठी आहे.

नातवंडांना आधी काही न सांगता भिंतीवरचे वर्तुळ शोधायला लावावे. शून्य शेजारच्या अंकांपेक्षा लहान कोरलेले असल्यामुळे नजर त्यावरून सहज घसरते, आणि ते सापडल्यावरचा मुलांचा आनंद पाहण्यासारखा असतो. विजेरी समोरून न धरता अक्षरांच्या बाजूने तिरपी धरली, की खोदलेल्या रेषेत सावली पडते आणि झिजलेले अक्षरही उठून दिसते. अक्षरांत खडू, पीठ किंवा पाणी मात्र कुणालाही भरू देऊ नये. उतरल्यावर गुजरी महालाजवळच्या मोकळ्या जागेत कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजून घ्यावा. तो साधारण ४५ सेंटिमीटर भरतो. त्या हिशेबाने बाग सुमारे १२० मीटर लांब आणि ८४ मीटर रुंद होती. तेवढे अंतर मुलांनी चालून पाहिले, तर आकडा डोक्यात पक्का बसतो.

पुढच्या फेऱ्यांतही वक्त्याने लोक काय सांगतात आणि दगड काय सांगतो, हे वेगवेगळे सांगावे. सास-बहूची सासू विष्णुभक्त आणि सून शिवभक्त होती, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती जरूर सांगावी. मात्र मोठ्या मंदिरातला इ.स. १०९३ चा लेख त्या देवाला पद्मनाभ, म्हणजे विष्णू म्हणतो आणि मंदिर कच्छपघात वंशातल्या राजा महीपालाने पूर्ण केल्याचे सांगतो, हेही त्याच श्वासात सांगावे. कथा ऐकून कुणी नाराज होत नाही. दोन्ही एकत्र कालवल्याने मात्र गोंधळ होतो.

किल्ल्यावरच्या आणि संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांना आधी भेटून गटाची संख्या व वेळ कळवावी, आणि मंदिराचे दार त्या वेळी उघडे असते की नाही, हे एकदा स्वतः जाऊन पाहून यावे. गटात वीसपेक्षा जास्त माणसे झाली, तर दोन तुकड्या कराव्यात, कारण गाभाऱ्याजवळ जागा फारच थोडी आहे.

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी पवायाला जाणार आहोत. तिथे शेतात जुन्या खापऱ्या आणि विटांचे तुकडे सहज मिळतात, असे ऐकले आहे. आठवण म्हणून एखादा आणला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, ग्वाल्हेर

उत्तर : आणू नये. पवाया म्हणजे सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमाजवळची प्राचीन पद्मावती नगरी, नाग वंशाच्या राजांची राजधानी. खापरीला अर्थ येतो तो ती कुठल्या थरात, कशाशेजारी सापडली यावरून. खिशात घालून घरी आणलेला तुकडा नुसती माती उरतो. हवे तर जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, टिपण करावे आणि खापरी होती तशी सोडावी. नाणे, मूर्ती किंवा १० रुपयांहून अधिक मोलाचे काही जमिनीत सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

जाण्यापूर्वी गुजरी महाल संग्रहालय अवश्य पाहावे. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. बा. गर्दे यांनी पवायाचे उत्खनन केले आणि हे संग्रहालयही उभारले. तिथे पवायाची एक गुप्तकालीन शिळा आहे : मधोमध नाचणारी स्त्री आणि तिच्याभोवती बसून वीणा, बासरी, तालवाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया. त्यांची बोटे कुठल्या तारेवर आहेत, हे वाकून पाहावे. ग्वाल्हेरच्या गाण्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या घरांतल्या कितीतरी माणसांनी ती अजून पाहिलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्न : व्याख्याने मराठीत ठेवावीत की हिंदीत? मुले घरी मराठी समजतात, पण बोलतात हिंदी.
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : व्याख्यान मराठीत आणि फेरीवरची प्रश्नोत्तरे मुलांना येईल त्या भाषेत ठेवावीत. ‘हात’, ‘माळ’, ‘तेल’, ‘बाग’ हे शिलालेखातल्या मजकुराचे शब्द दोन्ही भाषांत तेच किंवा अगदी जवळचे आहेत, त्यामुळे पहिल्या फेरीला तरी अडचण येणार नाही.