मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात?

प्रश्न : पायाचं बोट पलंगाला आपटलं की आधी झणकन कळ येते, ती ओसरते न ओसरते तोच ठणका सुरू होतो. मार एकच, मग दुखणं दोनदा का?

कारण बातमी दोन वेगळ्या मज्जातंतूंवरून जाते. झणकन येणारी कळ ज्या तंतूंवरून जाते त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टण असतं. तिथं संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतो. ठणक्याचे तंतू याहून बारीक आणि उघडे, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते २ मीटर. पायाच्या बोटापासून मज्जारज्जूपर्यंत साधारण १ मीटर अंतर धरलं, तर कळ सेकंदाच्या दहाव्या भागात पोचते आणि ठणक्याला चांगला एक सेकंद लागतो. बोटाला आपटलं तर हा फरक जाणवतो. नाकाला आपटलं तर अंतरच कमी, म्हणून फारसा कळत नाही.

आपटलेली जागा आपण लगेच चोळतो, त्यालाही अर्थ आहे. स्पर्शाचे जाड तंतू वेदनेच्या तंतूंपेक्षा वेगवान असतात आणि त्यांचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट थोडी अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. तपशील पुढे बदलले, पण वेदनेला मज्जारज्जूतच आवर घातला जातो हे टिकलं.

प्रश्न : रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. रक्तपुरवठा कमी पडतो का?

बहुतेक वेळा नाही. आधी एक तपासा : मुंग्या कोणत्या बोटांना येतात? ‘अख्ख्या हाताला’ हे उत्तर घाईचं असतं. पुढच्या वेळी जाग आली की एकेक बोट चाचपून बघा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढ्याच भागाला मुंग्या येत असतील आणि करंगळी साफ सुटली असेल, तर दाब मनगटात आहे. तिथल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणारे ९ स्नायुबंध आणि मीडियन नावाची एक नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतूंची जुडी) जाते. झोपेत मनगट दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपली जाते. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर होत असेल, तर संशय कोपराच्या आतल्या अंगाला जाणाऱ्या अल्नर नसेवर. अनामिका अशी उभी अर्धी वाटली जाणं ही फार बोलकी खूण आहे. मानेतल्या मुळाशी दाब असेल तर ती सहसा अशी दुभागत नाही.

मेंदूला जागा कळते ती कोणत्या तंतूवरून बातमी आली यावरून. वाटेत मनगटाशी नस चेपली, तरी तो मुंग्या बोटांतच ‘पाहतो’. म्हणून दुखतं तिथंच बिघाड शोधू नये.

उपाय : रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, सहा आठवडे नेमानं. बोटांतून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. तिथले स्नायू वाळत चाललेले असतात. आणि एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, सोबत तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळत असेल, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

प्रश्न : हृदयविकारात डावा हात का दुखतो?

हृदयाचे आणि हाताच्या आतल्या बाजूचे वेदनातंतू मज्जारज्जूच्या वरच्या छातीच्या भागात शिरतात आणि तिथं त्यांचे संदेश एकाच पेशींवर येऊन पडतात. मेंदूला रोजची बातमी त्वचेकडून येते, हृदयाकडून क्वचित. त्यामुळे तो दोष हातावर टाकतो.

प्रश्न : मधुमेह आहे. तळपाय गादीवर चालल्यासारखे वाटतात. घरी काय तपासता येईल?

मधुमेहात सर्वांत लांब तंतूंना आधी झळ बसते. त्यांची पेशी असते कण्याजवळ आणि टोक तळपायात. तेवढ्या लांब रसद पोचवणंच अवघड होतं. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून मोज्यासारखा वर चढतो. एकाच पायात असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं.

घरी करायची चाचणी सोपी आहे, फक्त दुसरं माणूस हवं. तुम्ही झोपून डोळे मिटा. त्यानं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीनं हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. दाब खोलवर कळतो आणि चाचणी फसते. जाणवलं की तुम्ही ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर डॉक्टरांकडून १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या धाग्यानं आणि १२८ हर्ट्झच्या नादकाट्यानं तपासून घ्या. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही मोजायला सांगा. त्याच्या कमतरतेनंही पाय बधिर होतात आणि ती भरून काढता येते.

तोवर रोज रात्री तळवे आरशात बघा, बोटांच्या बेचक्यांसह. चपला घालण्याआधी आत हात फिरवा. पाणी किती गरम आहे हे पायानं कधीच बघू नका, कोपरानं बघा.