खाणीवरची पहिली घरे

प्रश्न : आमच्या भागातून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि हंगामभर पाचटाच्या कोपीत राहतात. पूर्वी ओसाड मुलखात सोन्या-तांब्याच्या खाणी सुरू झाल्या, तेव्हा तिथे गेलेले मजूर कसल्या घरांत राहत असत आणि पाण्याची सोय काय असे?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : हाताशी जे सापडेल त्याचे घर, हाच नियम तिथेही होता; मात्र त्यामागे नाइलाजाइतकाच भाड्याचा हिशेब असे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरा येथे १८४५ मध्ये तांबे सापडले, तेव्हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून आलेल्या खाणकामगारांनी ओढ्याच्या दरडी कोरून त्यांत खोल्या केल्या आणि धूर जाण्यासाठी वरच्या जमिनीपर्यंत धुराडे काढले. १८५१ मध्ये सुमारे १,८०० माणसे अशा घरांत राहत होती. कंपनीने दगडी घरांच्या रांगा बांधायला घेतल्या होत्या, परंतु बिनभाड्याचे घर सोडायला पुष्कळजण तयार नव्हते. त्यांना अडाणी ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण खाण किती वर्षे चालेल याची हमी त्यांना कोणीच देत नव्हते. या बचतीची किंमत मात्र भयंकर होती : ओढा घाण झाला, साथींत लहान मुले दगावली आणि १८५१ च्या पुरांत घरे वाहून गेली.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डी येथे १८९२ मध्ये सोने सापडले, तेव्हा आधी तंबू आले. पुढे लाकडी सांगाड्यावर गोणपाट ताणून, त्याला चुना फासून भिंती केल्या जात आणि वर पत्रे टाकले जात. रॉकेलचे रिकामे डबे कापून, सपाट करून तेही भिंतींना ठोकले जात. त्या उन्हात अन्न टिकावे म्हणून एक पेटी तयार झाली : चौकटीच्या चारी बाजूंना गोणपाट, वर पाण्याचे पसरट भांडे आणि त्यातून खाली सोडलेल्या कापडाच्या पट्ट्या. पट्ट्यांवाटे पाणी झिरपून गोणपाट ओले राही, त्यावरून वारा गेला की आतले दूध, लोणी, मांस थंड राही. वाळ्याचे पडदे शिंपडणाऱ्या आपल्या लोकांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

आपल्या जवळ, कोलारच्या सोन्याच्या खाणींवर तमिळ आणि तेलुगू मुलखातून आलेल्या मजुरांसाठी बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या होत्या आणि साहेबांसाठी प्रशस्त बंगले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून तिथे वीज आणली गेली, ती खाणीची यंत्रे चालवण्यासाठी.

पाण्याचे हाल कूलगार्डीत सर्वांत जास्त झाले. खारे पाणी लाकडे जाळून उकळायचे, वाफ नळ्यांतून थंड करायची आणि ते पाणी मोजून विकायचे, असा तिथे धंदाच होता. ज्याला परवडत नसे तो अंघोळ टाळी आणि मिळेल ते पाणी पिई, त्यामुळे विषमज्वराने अनेक बळी घेतले. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी भरले, त्यांना ही तगमग सहज कळेल. अखेर १९०३ मध्ये पर्थजवळच्या धरणातून सुमारे ५३० किलोमीटर लांबीची जलवाहिनी, वाटेत वाफेच्या पंपांची आठ केंद्रे उभारून, कूलगार्डीमार्गे कॅलगुर्लीपर्यंत पोहोचवण्यात आली आणि तेव्हा कुठे तिथल्या घरांना गोड्या पाण्याचा खात्रीचा पुरवठा मिळाला.