कमरेला बांधलेला माग

प्रश्न : काका, नातवाच्या मोबाइलवर पेरू देशातल्या चिंचेरो गावच्या बायका विणताना बघितल्या. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं स्वतःच्या कमरेला! ना खड्डा, ना पायानं दाबायच्या पावड्या. तसल्या मागावर इतकी नक्षी निघते कशी? साडी होईल काय त्यावर? आणि किडे चिरडून लाल रंग करतात म्हणे, खरं का?
– एक वाचक, वडगाव (बेळगाव)

उत्तर : वहिनी, मी खासबागचा. खड्डा मागावर पाय सोडून बसलेल्या वडिलांच्या हाताखाली धाग्याच्या कांड्या भरत वाढलो, म्हणून तुमच्या पत्रावर जरा जास्तच रेंगाळतोय.

तिथं ताण कमरेत असतो. बाई मागं रेलली की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ, पुढं झुकली की सैल. नक्षीसाठी उभे धागे बोटांनी मोजून उचलायचे, आडवा धागा घालायचा आणि लामा या उंटाच्या कुळातल्या जनावराच्या हाडाच्या टोकदार तुकड्यानं तो बसवायचा. आपल्याकडं नक्षी ठरवणारी जेकार्ड यंत्राची पुठ्ठ्याची कार्डं असतात, तशी तिथं नाहीत, सगळा हिशेब डोक्यात. पोरी आधी बोटभर रुंदीच्या पट्ट्यावर हात बसवतात. लोराइपो नावाची वळणावळणाची नक्षी दिसली की जाणकार म्हणतो, हे चिंचेरोचं. कापड उलटं करा, तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल झालेली!

गाव सुमारे 3,760 मीटरवर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वरच. इंका राजा तुपाक युपांकीच्या वाड्याच्या दगडी भिंतींवर स्पॅनिश लोकांनी चर्च उभारलं, ते आजही आहे. पण तिथंही सगळं आपोआप टिकलं असं समजू नका. गिरणीचं कापड आणि पुडीतले रंग तिथंही शिरलेच होते. चिंचेरोच्याच निल्दा काल्यान्याउपा या विणकर बाईंनी 1996 मध्ये जवळच्या कुस्को शहरात विणकामाचं केंद्र काढलं, जुन्या बायकांना बोलावून झाडपाल्याचे रंग पुन्हा सुरू केले. आपल्या गल्लीत पॉवरलूम आले तेव्हा असं कुणी उठलं नाही, ही माझी जुनी सल.

किड्याचं खरं आहे. फड्या निवडुंगावर पांढुरक्या कापसासारखा तो चिकटलेला असतो. वाळवून वाटला की रक्तासारखा लाल, लिंबू पिळलं की रंग नारिंगीकडं झुकतो. ईस्ट इंडिया कंपनीनंही अठराव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा मद्रासेत करून बघितला, पण किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग राहिला बाजूला, त्यानं निवडुंगच फस्त केला.

साडी मात्र नाही व्हायची. बसल्या जागी हात पोचतील तेवढाच पन्हा. तिथल्या बायका खांद्यावर घेतात ती लिक्ल्या नावाची शालसुद्धा दोन पट्टे जोडून केलेली असते. पुन्हा व्हिडिओ लावाल तेव्हा पाठीवर मधोमध बघा, शिवण दिसेल.