तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढलं, आता काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कंपनीत साहेबांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि महिन्याभरात 'काम समाधानकारक नाही' म्हणत तुम्हाला काढलं.

आधी एक करा: हिशेबाच्या पैशांसाठी 'स्वखुशीने राजीनामा' अशा कागदावर सही करू नका. ती सही पुढे फार नडते. ऑफिसचा मेल बंद झाला असेल, पण मोबाइलमधले मेसेज आणि पगारवाढीचं पत्र जपून ठेवा. आधी पगारवाढ, मग तक्रार, मग अचानक 'काम वाईट', या तारखाच बोलतात.

नोकरी गेली तरी छळाची तक्रार जिवंत राहते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारीची मुदत घटनेपासून 3 महिने आहे, सबळ कारण असेल तर आणखी 3. कंपनीत 10 पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. चौकशी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा. नोकरी घालवण्याची धमकी देणं हाही या कायद्यात छळाचाच भाग.

नोकरी परत हवी तर वाट वेगळी: कामगार आयुक्तांकडे अर्ज, तिथे समेट नाही झाला तर न्यायालय. जिंकलात तर मागचा पगारही मिळू शकतो. मात्र मॅनेजर पदावर असाल तर ही वाट सहसा बंद असते, मग नुकसानभरपाईचा दिवाणी दावा.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली गुन्हाही नोंदवता येतो. वकिलाच्या फीची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं.