मुलांना डिंगोची, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जंगली कुत्र्याची, गोष्ट सांगायची आहे, ती कुठल्या बेटावर घडवावी?

गरी बेटावर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचं हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. २०२३पर्यंत त्याचं अधिकृत नाव फ्रेझर आयलंड होतं. इथल्या मूळच्या बुचुल्ला लोकांच्या कथेत गरी ही आत्मा आहे. ती देवाच्या दूताला, यिंदिंगीला, भूमी घडवायला मदत करते, इथेच राहायचा हट्ट धरते आणि बेट होऊन जाते. तळी म्हणजे तिचे डोळे. कथा त्यांची आहे, तेव्हा त्यांचं नाव घेऊनच सांगा.

इथल्या डिंगोला मात्र लाडका टॉमी करू नका! तो क्वचितच भुंकतो, हेल काढून ओरडतो, वाहून आलेले मासेही खातो. त्याला खायला घातलं तर दंड होतो, कारण चटावलेला डिंगो माणसांवर धावून येतो. माझ्या मते गोष्टीतला पेच इथूनच काढावा: पर्यटकाच्या पोराने गुपचूप टाकलेलं सँडविच.